एक्स-रे स्वच्छ आला, म्हणून टीबी नाही असे नव्हे

संपादक महोदय,

क्षयरोगावरच्या लेखांत छातीच्या एक्स-रेचे वर्णन बहुधा एकच असते: फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग आणि त्यात पोकळी. एक्स-रे वाचणे हेच माझे काम आहे, म्हणून सांगते, एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या बाबतीत या वर्णनावर विसंबू नये.

पोकळी एकट्या जंतूंमुळे पडत नाही. शरीर त्यांच्याशी झुंजते, त्या झुंजीत फुफ्फुसाचा तेवढा भाग नासतो. सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) पुरेशा असतील तर एचआयव्ही असूनही एक्स-रे नेहमीसारखाच दिसतो. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या २००च्या खाली गेल्या की झुंज मंदावते आणि चित्र पालटते. डाग मधल्या किंवा खालच्या भागात येतात, पोकळी क्वचितच दिसते. छातीच्या मध्यभागी गाठी सुजतात, कधी छातीत पाणी होते, कधी दोन्ही फुफ्फुसांत बारीक ठिपके पसरतात. साधा न्यूमोनिया समजून उपचार होण्याचा धोका इथेच असतो. आणि काही रुग्णांत तर बेडक्यात टीबीचे जंतू सापडूनही एक्स-रे अगदी स्वच्छ असतो! पोकळी नसली की बेडक्यात जंतूही कमी उतरतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखालची तपासणीही निगेटिव्ह येऊ शकते. ज्याची प्रतिकारशक्ती सर्वांत क्षीण, नेमका तोच ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवला जातो.

माझी कळकळीची विनंती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आहे. चिठ्ठीवर नुसते ‘खोकला, ताप’ लिहिलेले असते. एचआयव्हीची बाब दहा हातांतून जाणाऱ्या कागदावर नकोच. पण रुग्णाच्या संमतीने ती एक्स-रे वाचणाऱ्याला थेट कळवा, सीडी४चा आकडाही सांगा. तीच सावली मग आम्ही वेगळ्या नजरेने पाहू.

खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम यांपैकी एकही लक्षण असेल, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी बेडक्यात टीबीच्या जंतूंची जनुके शोधणारी जनुकीय चाचणी करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच तिला मान्यता दिली आहे. गंभीर आजारी एचआयव्ही रुग्णांसाठी लघवीत टीबीच्या जंतूंचा अंश शोधणारी एलएएम चाचणीही आहे. बेडका पडत नसेल तेव्हा तिचा मोठा आधार होतो.

आणखी एक. एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती परतते, तेव्हा टीबीचे औषध लागू पडत असतानाही काही काळ गाठी वाढतात, एक्स-रे आधीपेक्षा वाईट दिसू शकतो. औषध निकामी ठरले की हा प्रतिकारशक्तीचा परिणाम, हे डॉक्टरांनाच तपासू द्यावे. घाबरून गोळ्या बंद करू नयेत, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

– एक क्ष-किरणतज्ज्ञ