किट नको, नुसती गाडी द्या : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०००३२

प्रत माहितीसाठी : मा. अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री

विषय : ग्राहकाला न विचारता नव्या गाडीवर बसवल्या जाणाऱ्या ॲक्सेसरीज आणि कोटिंगबाबत

महोदय,

मराठवाड्यात नवी गाडी शक्यतो मुहूर्तावरच दारात येते. दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय तृतीया. सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आलेले असतात, घरी ओवाळणीची तयारी झालेली असते, आणि नेमक्या त्या वेळी शोरूमच्या टेबलावर जे बिल येतं त्यात गाडीच्या किमतीखाली एक ओळ असते : ‘बेसिक किट’. आत काय? सीट कव्हर, मॅट, डोअर व्हायझर, क्रोमच्या पट्ट्या, अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या तळाला मारायचा थर), टेफ्लॉन (रंगावर चमकीसाठी लावायचा थर). मागितलेलं कुणीच नसतं. नको म्हटलं की ठरलेली दोन उत्तरं. एक, ‘गाडी यार्डातूनच, म्हणजे आमच्या गोदामातूनच, फिटिंग होऊन आली, आता काढता येत नाही.’ दुसरं, ‘बिनकिटची हवी असेल तर वेटिंग आहे.’ किनवटचा माणूस गाडीसाठी नांदेडला येतो. तिथं नाही म्हणून तो उठला, तर त्याच कंपनीचं पुढचं शोरूम बहुधा लातूर, नाहीतर थेट छत्रपती संभाजीनगर. म्हणून तो उठत नाही, सही करतो.

सगळ्याच ॲक्सेसरीज वाईट, असं आमचं म्हणणं नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून गाडी काढणाऱ्याला मडफ्लॅप लागतातच, आणि साधी रबरी मॅटही लागते. पण किटमधल्या बाकीच्या वस्तू नुसत्या महाग नाहीत. त्यांतल्या काही गाडीचं नुकसान करतात, काही जिवावर बेततात.

अंडरबॉडी कोटिंगपासूनच सुरुवात करू, कारण सर्वात जास्त तेच गळ्यात मारलं जातं. कारखान्यात गाडीची अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने रंगाचा पहिला थर चढवतात. सांध्यांवर सीलंट भरतात. गंज लवकर धरतो तो समुद्राच्या खाऱ्या हवेत. रत्नागिरीच्या माणसाने या कोटिंगचा विचार केला तर समजू शकतं. बीड-जालन्याच्या कोरड्या हवेत ते आधी विकायचंच कशाला? बरं, केलं तरी ते कसं करतात? रॅम्पवर गाडी चढवायची, धूळ न धुता, खालचा भाग वाळू न देता काळा स्प्रे मारायचा. दरवाजांच्या तळाशी आणि उंबरठ्याच्या पट्टीखाली पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात, ती बुजतात. आत शिरलेलं पाणी तिथंच साचतं आणि पत्रा आतून गंजायला लागतो. गंज थांबवण्याचे पैसे घेऊन गंजाचीच सोय होते. स्प्रे सायलेन्सरवर उडाला तर पहिल्या लांबच्या प्रवासात जळका वास येतो आणि मालक घाबरून गाडी परत शोरूमला आणतो.

टेफ्लॉनची गोष्ट त्याहून गमतीची. हे रसायन ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि पृष्ठभागावर पक्कं बसवायला त्याहून जास्त तापवावं लागतं. तव्याला ते जमतं. गाडीचा रंग त्याच्या कितीतरी आधी जळून जाईल. म्हणजे शोरूममध्ये टेफ्लॉन म्हणून जे लावतात ते चांगल्यापैकी पॉलिश असतं, थोड्याच महिन्यांत धुऊन जाणारं. सिरॅमिक कोटिंग ही खरी वस्तू आहे, पण तिला वेळ लागतो : धुणं, क्ले बारने रुतलेली धूळ काढणं, तेलकटपणा पुसणं, मग थर, आणि नंतर निदान एक दिवस पाण्याचा थेंब लागू न देता बंद जागेत गाडी ठेवणं. सकाळी पैसे भरले आणि दुपारी चावी मिळाली, तर त्या गाडीला सिरॅमिक झालेलंच नाही. उलट घाईत मशीन फिरवलं असेल तर कोऱ्या रंगावर गोल ओरखडे उठलेले असतात. वरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), आणि मशीनने घासला की तो झिजतो. नवीन गाडीला असं घासण्याची गरजच नसते.

आता जिवाचा प्रश्न. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅग पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेत असते आणि ती शिवण फाडून बाहेर येते. तिथं एक छोटं लेबलही असतं. त्यावर जाड रेक्झिनचं कव्हर ताणून शिवलं तर एअरबॅग उशिरा उघडते किंवा भलतीकडे उघडते. कंपनीने दिलेली मॅट न काढता तिच्यावर दुसरी जाड मॅट टाकली तर ती पुढे सरकून ॲक्सिलरेटरखाली किंवा ब्रेकखाली अडकते. पुढच्या बंपरवरचे लोखंडी गार्ड बेकायदा असल्याचं केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं, तरी ते अजून बसवले जातात. काचेच्या फिल्मचंही तसंच. पुढची-मागची काच किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचा किमान ५० टक्के उजेड आत सोडणाऱ्या हव्यात, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली. फिल्म डीलर लावतो, चलन मालकाच्या नावाने निघतं.

वायरिंगबद्दल एकच हिशेब देतो. ५५ वॅटचे दोन फॉगलॅम्प म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर. रिले आणि फ्यूज न टाकता हेडलाइटची वायर सोलून जोड मारला, वर टेप गुंडाळली, तर मे महिन्यात ती वायर किती तापेल हे कोणताही इलेक्ट्रिशियन सांगेल. पुढे बिघाड झाला की ‘वायर कापलेली आहे’ म्हणून वॉरंटी नाकारली जाते, आणि नाकारणारं सर्व्हिस सेंटर बहुधा त्याच डीलरचं असतं! शिवाय अशी वस्तू विमा पॉलिसीत वेगळी नोंदवलेली नसेल तर अपघातात तिची भरपाई मिळत नाही.

रिव्हर्स सेन्सर ‘किटमध्ये फुकट’ म्हणून सांगणारेही भेटतात. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये तो कारखान्यातूनच येणं सक्तीचं आहे.

हे सगळं यार्डात का होतं, ते मंत्रिमहोदयांना ठाऊक असेलच, तरी लिहितो. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते, डीलरला ती वाढवता येत नाही. गाडीवरचं मार्जिन थोडं, ॲक्सेसरीजवरचं बरंच जास्त, आणि त्यांचंही महिन्याचं टार्गेट वरून येतं. म्हणून चेसिस नंबर कुणाच्या नावावर पडायच्या आधीच फिटिंग उरकलं जातं. ग्राहक येईपर्यंत विषय संपलेला असतो.

कायदा नाही असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४१) नुसार एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणं ही निर्बंधात्मक व्यापार प्रथा आहे. तक्रार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. पण आयोगासमोर डीलर ग्राहकाच्या सहीचं बिल ठेवतो, आणि त्या बिलात किट ‘ग्राहकाच्या मागणीवरून’ दिलेलं असतं. मुहूर्ताच्या दिवशी घेतलेल्या त्या सहीपुढे तक्रारदाराजवळ पुरावा काय? आमची मागणी इथूनच सुरू होते, आणि ती तुमच्या खात्याच्या हातात आहे.

पासिंगचा अर्ज, म्हणजे फॉर्म २०, आता डीलरच ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीवर भरतो. त्यासोबत मराठीतलं एक पानी जोडपत्र सक्तीचं करा. वर नुसत्या गाडीचा हिशेब : एक्स-शोरूम, मोटार वाहन कर, विमा, नंबर प्लेट, फास्टॅग. खाली ॲक्सेसरीजचा रकाना, जो मुळात शून्य असेल. एखादी वस्तू घ्यायची असेल तर पार्ट नंबर, छापील किंमत आणि त्या ओळीपुढे ग्राहकाची वेगळी सही. पानावर तारीख बुकिंगची हवी, डिलिव्हरीची नको. आणि चेसिस नंबर ग्राहकाच्या नावावर पडण्याआधी ते पान अपलोड झालेलं हवं. सगळा जोर या तारखेवर आहे. ती डिलिव्हरीच्या दिवसावर सरकली की हे जोडपत्रही बिलासारखंच मुहूर्ताच्या घाईत सही करून घेतलं जाईल.

यार्डात आधीच बसवलेलं सामान डीलरने स्वखर्चाने काढावं. रंगाला धक्का न लागता काढता येत नसेल तर ते मोफत द्यावं, हेही त्याच पानावर छापा. डीलरला लागणारं ट्रेड सर्टिफिकेट (नोंदणी न झालेल्या गाड्या बाळगण्याचा परवाना) तुमचं खातं देतं. नूतनीकरणाच्या वेळी अशा तक्रारींची फाइल समोर असावी. आणि दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी वायुवेग पथकं (तुमच्या खात्याची तपासणीची फिरती पथकं) रस्त्यावर उभी करण्याऐवजी एकदा स्टॉकयार्डात पाठवा. सोबत वैधमापनशास्त्राचा (वजन-मापं आणि छापील किंमत तपासणारा) निरीक्षक असू द्या, कारण पाकीटबंद मॅटवर आणि कव्हरवर छापील किंमत, उत्पादकाचं नाव आणि महिना-वर्ष लागतं. किटमधल्या किती वस्तूंवर ते सापडतं, तेही कळेल.

परिपत्रक निघेपर्यंत मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांच्या परिवहन कार्यालयांत दर्शनी भागात निदान एवढा मजकूर लावावा :

‘बुकिंग फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा : कोणतीही ॲक्सेसरी किंवा कोटिंग नको, बसवल्यास पैसे देणार नाही. त्याचा फोटो काढून त्याच दिवशी डीलरला ई-मेल करा. बुकिंगची रक्कम रोख देऊ नका, शोरूमच्या नावाच्या बँक खात्यावरच भरा. विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती नाही. चेसिस नंबर कळताच यार्डात जाऊन गाडी पाहा. मोबाइलच्या उजेडात खालचा भाग आणि दरवाजांखालची भोकं तपासा. चिकटवलेली क्रोमपट्टी काढायची असेल तर हेअर ड्रायरने गरम करून, दोऱ्याने हळूहळू कापत काढा. थिनर लावू नका. पैसे मागितले तर तपशीलवार बिल मागा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.’

आपले,
मराठवाड्यातील काही गाडी-कारागीर आणि ग्राहक