मशीन रुपये दाखवेल, तेव्हा

चि. छोटू,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र डब्याच्या पिशवीत ठेवतेय, पुण्याच्या गाडीत वाच. तोंडाने सांगायला गेलं की तू "हो आई, माहीत आहे" म्हणतोस. पतसंस्थेच्या काउंटरवर 28 वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले आहेत, म्हणून तू जर्मनीत पैसे आणि कार्ड कसं वापरशील, हा एक विषय काही सोडवत नाही.

मागे मावशीकडे दुबईला गेले होते, आठवतं? तिथे एका दुकानात कार्ड दिलं, तर मशीनवर दोन आकडे आले, एक दिरहममध्ये, एक रुपयांत. आठ दिवसांनी पहिल्यांदा रुपया दिसला, बाप्पा! हरखून तोच दाबला. घरी येऊन वहीत हिशेब मांडला तेव्हा कळलं, दहा हजारांच्या खरेदीवर सहाशेच्या वर गेले होते. रुपयाचा तो भाव आपली बँक ठरवत नाही. दुकानाकडची यंत्रणा ठरवते आणि आपला नफा त्यात आधीच घालून ठेवते. वरून माझ्या बँकेनेही आकार लावला तो वेगळाच. हिशेबाची बाई मी, आणि फसले कुठे, तर घरचं काही दिसलं म्हणून! तेव्हा जर्मनीत मशीनने विचारलं की युरोच दाब. दुकानदाराने परस्पर रुपये दाबले तर रद्द करायला सांग, लाजू नको. एटीएमसुद्धा हेच विचारतं. तिथे 'रूपांतर नको' म्हटलं तरी पैसे निघतात, व्यवहार मोडत नाही.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर सुरू कर. मार्च 2020 पासून नवीन कार्डं फक्त देशात चालतील अशीच मिळतात, बाकीचं आपण उघडायचं. मर्यादाही तिथेच घाल, गरजेपुरतीच. आणि नागपूरच्या नंबरचं सिम बंद करू नको, ओटीपी त्यावरच येतो.

फॉरेक्स कार्डात, म्हणजे परकी चलन आधीच भरून ठेवायच्या कार्डात, युरो भरलेस ते बरं केलंस. साध्या कार्डाने परदेशात खर्च केला की त्यावर बऱ्याच बँका तीन-साडेतीन टक्के लावतात आणि त्या आकारावर पुन्हा 18 टक्के जीएसटी. क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नकोस. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, बिलाची तारीख वगैरे काही नाही.

दोन कार्डं एका पाकिटात नकोत. एक अंगावर, एक खोलीवर. बँकेचा नंबर कागदावर लिहून ठेव. पाकिटाबरोबर फोनही गेला, तर फोनमधला नंबर काय कामाचा?

इथे तर्री पोह्याच्या ठेल्यावरही तू फोन पुढे करतोस. तिथे लहान बेकरीत कित्येकदा रोखच मागतात, स्टेशनवरच्या संडासालाही नाणं लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून पाच-दहाच्या नोटा आणि थोडी चिल्लर खिशात असू दे. सदरमधल्या फॉरेक्सवाल्याने पन्नासच्या नोटा दिल्यात, त्यातली एक आधी मोडून घे. त्याची पावती मी फाईलला लावली आहे. उरलेले युरो परत द्यायची वेळ आली तर लागेल, आल्यापासून 180 दिवसांची मुदत असते. दोन हजार डॉलरपर्यंतचं घरी ठेवता येतं, पण तुझ्याकडे तेवढं कुठलं उरायला!

नाणी मात्र इथे कोणी बदलून देत नाही, ती विमानतळावर चहा-बिस्किटात संपव. दोन युरोचं एक तेवढं ठेव. त्यावर गरुड असतो म्हणे, बाबांना पाहायचाय.

तुझी,
आई