नदीकाठच्या घराविषयी मुलीस

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कल्याणीनगरच्या नदीकाठी होणाऱ्या गृहप्रकल्पाचे माहितीपत्रक तू पाठवलेस, ते आम्ही दोघांनी नीट वाचले. काचेचे दर्शनी भाग, गच्चीवरचा पोहण्याचा तलाव, खाली कॅफे आणि समोर मुळा-मुठा, असे चित्र देखणे आहे यात वाद नाही. नदी मात्र त्यात निळीशार दाखवली आहे. तेच पाणी पुढे भीमेला मिळून उजनीत उतरते आणि तेथून काही दिवसांआड आमच्या नळाला येते, त्यामुळे त्याचा रंग सोलापूरकराला कोणी सांगावा लागत नाही.

नोकरी पाटबंधारे खात्यात गेल्यामुळे मी घराआधी नदी पाहतो. आपल्या राज्यात नदीकाठाला दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, तर दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळते. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे आपल्या हयातीत नव्हे, असा सोयीचा अर्थ विक्री कार्यालयातील मंडळी लावतात. वास्तविक असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता 1 टक्का असते, आणि 20 वर्षांचे कर्ज फिटेपर्यंत तो एकदा तरी येण्याची शक्यता 18 टक्क्यांच्या घरात जाते. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले, ते तू तेथेच राहून पाहिले आहेस. म्हणून मंजूर नकाशावर या दोन्ही रेषा कोठून जातात आणि इमारतीचे जोते लाल रेषेच्या किती वर आहे, हे लेखी मागून घे.

बाराव्या मजल्यावर पूर कसा येईल, असे तू म्हणशील. पूर येणार नाही, पण वीज जाईल. वीजमीटर, जनरेटर आणि पाणी चढवणारे पंप तळघरात असतील, तर तेथे पाणी शिरताच लिफ्ट बंद पडते; जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी मिसळले, तर समोर नदी दुथडी भरून वाहत असताना तुम्हाला टँकरची वाट पाहावी लागते. नमुना फ्लॅटमधील फरशी पाहण्यापेक्षा अर्धा तास तळघरात घालव. दाराशी पाणी अडवणारे उंबरे आहेत का, पाणी उपसण्याची सोय कोठे आहे आणि वीजमीटरची खोली जमिनीच्या वर आहे का, एवढे पाहिलेस तरी इमारत बांधणाऱ्याने नदीचा विचार केला आहे की केवळ देखाव्याचा, ते कळून येईल.

माहितीपत्रकात नदीकाठच्या पदपथाचे मोठे कौतुक आहे. सुमारे 44 किलोमीटरच्या त्या नदीकाठ सुधार योजनेचे भूमिपूजन मार्च 2022 मध्ये झाले. ती महापालिकेची योजना आहे आणि तिचे वेळापत्रक बिल्डरच्या हातात नाही, त्यामुळे उद्याच्या पदपथाचे पैसे आज चौरस फुटाच्या दरात मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जलपर्णी आणि डास यांविषयी त्या भागातील जुन्या रहिवाशांना फेब्रुवारी-मार्चमध्ये विचार. तुझी आई तर बाल्कनीची खिडकी वर्षातून किती महिने उघडी ठेवता येईल, एवढेच विचारते आहे.

आता कागदपत्रांविषयी. प्रकल्पात सोसायटी नसून कंडोमिनियम होणार, असे तू लिहिले आहेस. ही रचना 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली येते. तीत फ्लॅटचे अपार्टमेंट खत तुझ्या नावाने नोंदले जाते आणि जमीन व सामाईक जागेतील तुझा अविभाज्य हिस्सा टक्क्यांत ठरतो. देखभालीचा खर्चही त्याच टक्क्याने वाटला जातो, म्हणून मोठा फ्लॅट घेणाऱ्याला जास्त भरावे लागते. तलाव, व्यायामशाळा आणि काचा धुण्याचा खर्च दर महिन्याला येणार आहे. हप्त्याच्या हिशेबात तो धरल्याशिवाय निर्णय करू नकोस. डिक्लरेशनची, म्हणजे या कायद्याखाली नोंदवलेल्या घोषणापत्राची, प्रत आधी वाच, कारण गच्ची आणि वाहनतळ कोणाच्या वाट्याला जातात ते तेथेच लिहिलेले असते.

बाकी तुला ठाऊक आहेच. महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी पाहावी, दर कार्पेट क्षेत्रफळावर, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतील वापरायच्या जागेवर, ठरवावा आणि करारनामा नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये, कारण तशी रक्कम घेण्यास कायद्यानेच मनाई आहे. फ्लॅट तुझ्या एकटीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. रोहितरावांची हरकत नसावी.

मंजूर नकाशाची प्रत आणि सर्व्हे क्रमांक मला पाठव. खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुरू होईल त्या आठवड्यात मी पुण्यास येतो, तेव्हा आपण दोघे ती जागा पाहू. तोपर्यंत बुकिंगचा धनादेश देऊ नकोस.

तुझे,
बाबा