‘शरीरातलेच आहे’ एवढे पुरेसे नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमिनो आम्लांपासून (म्हणजे प्रथिनांच्या घटकांपासून) पॉलिमर, म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्या, तयार करणाऱ्या प्रयोगशाळांविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. उसाच्या मळीवर जिवाणू वाढवून त्यांपैकी ग्लुटामिक आम्ल काढता येते, तेव्हा आपल्या जिल्ह्यात हा विषय छापला जावा हे योग्यच झाले. परंतु ‘ही आम्ले शरीरातलीच असल्याने त्यांचे पॉलिमर निर्धोकच असणार’ हे त्यातील विधान, अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवलेल्या मला खटकले.

जपानमध्ये नात्तो या आंबवलेल्या सोयाबीनला जी चिकट तार सुटते, ती मुख्यतः ग्लुटामिक आम्लाच्या साखळीची असते आणि लोक ती आवडीने खातात. याच आम्लाची, त्याच पद्धतीने जोडलेली साखळी अँथ्रॅक्स या घातक रोगाचा जिवाणू स्वतःभोवती पांघरतो आणि तिच्या आड आपल्या पांढऱ्या पेशींना चुकवतो. लायसिन हे दुसरे अमिनो आम्ल तर आपल्याला अन्नातून मिळवावेच लागते. पण त्याच्या लांब साखळीवर धनप्रभार असल्याने ती पेशींच्या ऋणप्रभारित आवरणाला चिकटून ते फाडू शकते.

साखळी जोडण्याचे काम लेखात दोन ओळींत उरकले आहे. हर्मान लॉइक्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये वर्णन केलेल्या वलयाकार अनहायड्राइडांचा (अमिनो आम्लांपासून बनवलेल्या कड्यासारख्या रेणूंचा) मार्ग आजही वापरात आहे : वलय उघडते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि साखळीला एक दुवा लागतो. मात्र पाण्याचा अंश शिरला की पाणीच वलय उघडू लागते आणि साखळ्या आखूड राहतात. (डब्यातले मीठसुद्धा पाझरते अशा कोल्हापुरी श्रावणात हे करून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची मला खरोखर काळजी वाटते.) शिवाय ही वलये बनवण्यासाठी बहुधा ट्रायफॉस्जीन हे रसायन वापरतात, ज्यातून पहिल्या महायुद्धात वापरलेला फॉस्जीन हा विषारी वायू सुटतो. म्हणजे कच्चा माल शरीरातला असला, तरी वाट तशी नसते.

याचा अर्थ हे संशोधन निरर्थक आहे असा मुळीच नाही. ग्लुटामिक आम्ल, लायसिन, अॅलानिन व टायरोसिन यांची ग्लाटिरामर ही साखळी १९९६ पासून अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरील औषध म्हणून मान्य आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत अशा साखळ्या प्राण्यांमध्ये तसाच आजार निर्माण करण्यासाठी बनवल्या होत्या. प्रत्यक्षात त्यांनी तो रोखला. चारही आम्लांचे गुणधर्म तोंडपाठ असणाऱ्यांनाही हे आधी सांगता आले नव्हते, प्रयोगातूनच कळले.

म्हणून विनंती एवढीच की, या विषयावर पुन्हा लिहिताना आपल्या वार्ताहरांनी संशोधकांना साखळी किती लांब आहे, तिच्यावर प्रभार कोणता आहे आणि तुटल्यावर तिचे तुकडे शरीराबाहेर कोणत्या वाटेने जातात, हे विचारून तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
कोल्हापूर