खाट नंबर अकरावरच्या कंडक्टर काकांना

काका, शिरसाष्टांग नमस्कार.

डिस्चार्जच्या दिवशी बिल, औषधं आणि रिक्षा या धावपळीत तुमचा फोन नंबर घ्यायचा राहून गेला. तुम्ही पाटणकडचे आणि तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतात, एवढंच मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्या ओळखीच्या कुणाच्या नजरेस पडलं, तर त्यांनी कृपा करून तुम्हाला वाचून दाखवावं.

मी बारा नंबरच्या गुरुजींची मुलगी. बाबा न्हाणीघरात घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण त्यानंतर त्यांनी बोलणंच सोडलं. पेज आणली की ओठ मिटायचे, वॉकर आणला की तोंड भिंतीकडे वळायचं. डॉक्टर रोज सांगत होते, उभं राहायलाच हवं. पडून राहिले तर छातीत कफ साठेल, पायात रक्ताची गुठळी होईल. मी विनवण्या केल्या, एकदा रागावलेसुद्धा. तो दिवस आठवला की अजून गलबलून येतं.

आणि मग तुम्ही आलात. तुमचं हर्नियाचं ऑपरेशन, पोटाला टाके. हसलं की कळ यायची, म्हणून पोटाशी उशी घट्ट धरून तुम्ही किस्से सांगायचात. पहिल्याच दिवशी बाबांच्या केसपेपरवरची जन्मतारीख तुम्ही मोठ्याने वाचलीत: १ जून १९४८. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची शाळेत लावलेली तारीख १ जूनच असते, पण तुम्ही केवढे हरखलात! "अहो गुरुजी, एसटीची पहिली गाडी नगरहून पुण्याला सुटली ती याच दिवशी. तुम्ही आणि लालपरी जुळी भावंडं!" बाबांनी मान वळवून तुमच्याकडे पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

मग तुमच्या किश्श्यात ती आजी आली, शाळूच्या पोत्यामागे एका नातवाला दडवून बसलेली. "एक फुल, दोन हाफ," ती ठासून सांगत होती, आणि पोत्यामागून आवाज आला, "आजी, माझं पण काढ की!" आख्खी गाडी हसली, आजीही हसली. तुम्ही म्हणालात, "तीन रुपये फुल, दीड रुपया हाफ. एक फुल, तीन हाफ. झाले आठ रुपये."

"साडेसात," बाबा म्हणाले.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले, काका. तुम्हाला ते कळलं नसेल.

त्यानंतर तुमचा हिशोब दिवसातून एकदा तरी चुकायचा आणि बाबा तो दुरुस्त करायचे. मुक्कामी गाडीने सकाळी तालुक्याच्या बोर्डिंगातल्या पोरांचे डबे यायचे, तो किस्सा आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे. एका पोराच्या डब्यातलं सुकट माळकरी हेडमास्तरांच्या हातात पडलं आणि त्यांची उपासाची भगर पोराकडे गेली. मास्तरांनी डबा बंद करून, पोराला बोलावून सांगितलं, "तुझ्या आईला सांग, वास फार छान आला." हे ऐकताना बाबांनी पेजेचे चार घास घेतले. मी मोजले होते.

काकूंनी सांगितलेलं तर आणखीच भारी. निवृत्तीनंतरही तुम्ही झोपेत थांबे पुकारायचात. एका रात्री "उंब्रज, उंब्रज! उतरा लवकर!" असे ओरडलात आणि मुक्कामाला आलेले तुमचे मेहुणे झोपेतच पिशवी घेऊन दाराशी उभे राहिले. त्यावर बाबा इतके हसले की खोकला आला, कफ सुटला, आणि सिस्टरनी तुम्हाला हात जोडले.

सगळ्यात मोठं काम केलं ते तुमच्या चमच्याने. फिजिओथेरपीच्या ताई वॉकर घेऊन आल्या, बाबा काठावर बसले आणि भीतीने थिजले. तुम्ही खाटेच्या लोखंडी दांडीवर चमचा दोनदा वाजवलात. टण् टण्. "डबल बेल झाली गुरुजी, गाडी सोडा!" बाबा उठले. तीन पावलांनी धाप लागली तेव्हा एकच टोल. थांबले, दम घेतला. पुन्हा दोन. पाचव्या दिवशी आमचे बाबा त्या तालावर दारापर्यंत जाऊन आले, आणि समोरच्या खाटेवरचे आजोबाही ताटली वाजवू लागले.

घरी येताना रिक्षात मी म्हटलं, काकांचा हिशोब किती कच्चा ना! बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, तेहतीस वर्षं रोज तिकिटांच्या हिशोबाचं वे-बिल जुळवलेला माणूस तो. साडेसाताचे आठ करील का? मला बोलतं ठेवायचं होतं त्याला. मलाही ते कळत होतं." मग घर येईपर्यंत ते बाहेर बघत राहिले.

काका, तुमचे स्वतःचे टाके ओले होते. एका अनोळखी माणसासाठी तुम्ही जाणूनबुजून चुकलात, रोज चुकलात. हे कसं फेडावं, मला खरंच कळत नाही.

बाबा आता काठी घेऊन अंगणात फिरतात. माझी मुलगी वाटीवर डबल बेल देते. तुमच्या चार चुका त्यांनी वहीत तारखेसह लिहून ठेवल्यात आणि त्याखाली तुमच्या सहीसाठी जागा सोडलीय. १ जूनला त्यांचा आणि एसटीचा वाढदिवस. काकूंना घेऊन जेवायला या. आमचं घर उंब्रजलाच आहे; स्टँडवर उतरलात की माझी मुलगी वाटी-चमचा घेऊन उभी असेल.

तुमची,
बारा नंबरच्या गुरुजींची लेक