रत्नागिरीच्या त्या काकूंना, ज्यांचा डबा आमच्याकडं राहिलाय

काकू, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, चूक सगळी माझी, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहावं लागतंय. आठवतंय का बघा, मे महिन्यातला शनिवार, भर दुपार, ब्रह्मदेशच्या, म्हणजे आताच्या म्यानमारच्या, थिबा राजाच्या समाधीजवळच्या गल्लीत एमएच ०९ पासिंगची एक पांढरी गाडी तिसऱ्यांदा वळत होती आणि आतले म्हातारे गृहस्थ ड्रायव्हरवर खेकसत होते. ड्रायव्हर मी, खेकसणारे आमचे आण्णा. मॅप म्हणत होता पोचलात, समोर नुसत्या बिल्डिंगा. तुम्ही गॅलरीत गोधडी वाळत घालत होता, तिथनंच विचारलंत, "राजाकडे आलात काय?"

ते 'राजाकडे' आण्णांना एवढं आवडलं की घरी आल्यापासनं पाचपन्नास जणांना सांगून झालंय. समाधी नाही, स्मारक नाही, राजाकडे, जसं शेजारच्या बिऱ्हाडात कुणी पाहुणा आलाय.

तुम्ही खाली आलात, पुढं चालत आम्हाला तिथपर्यंत नेलंत, वर आण्णांच्या डोक्यावर स्वतःची छत्री धरून उभ्या राहिलात, पंधरावीस मिनिटं तरी, कारण आण्णा तिथनं हलायलाच तयार नव्हते. मी मध्ये एकदा छत्री घ्यायला हात पुढं केला तर म्हणालात, असू दे, तुम्ही फोटो काढा.

आण्णा एवढे का थांबले ते तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो. आण्णा ७६ वर्षांचे, शाळेत इतिहास शिकवायचे. आमच्या कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले आणि परत येताना इटलीत फ्लोरेन्सला वारले, ३० नोव्हेंबरला, वय अवघं २०. अग्नी तिथंच दिला, आर्नो नदीच्या काठी. तिथं त्यांची स्मारक-छत्री आहे, चार्ल्स मँटनं डिझाईन केलेली, त्याच मँटनं ज्यानं पुढं आमचा न्यू पॅलेस केला. आण्णांनी आयुष्यभर वर्गात ते सांगितलं पण फ्लोरेन्स काय त्यांच्या नशिबात नाही, पेन्शन आणि गुडघे दोन्ही तसलेच. मग गेली दोनतीन वर्षं त्यांनी एक टुमणं लावलं होतं, आपला राजा तिकडं परक्या गावात आहे आणि दुसऱ्याचा राजा आपल्या शेजारी सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे, त्याला तरी भेटून येऊ. मी दर वेळी पुढच्या महिन्यात म्हणायचो. शेवटी एका शनिवारी सहाला निघालो, मलकापूर, आंबा घाट, साखरपा. घाटात आण्णांनी दोनदा गाडी थांबवली, एकदा चहाला आणि एकदा उगाच.

समाधीपाशी उभं राहून ते काय पुटपुटत होते ते तुम्ही विचारलंत, तर ते तारखा म्हणत होते, सवय आहे त्यांची. १८८५ ला इंग्रजांनी थिबाची राजधानी मंडाले घेतली, त्याला कैद करून आधी मद्रासला आणलं, मग १८८६ ला रत्नागिरीत. राजवाडा पुरा झाला १९१० ला, म्हणजे चोवीस वर्षं बंगल्यांत काढून. आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा गेला, नव्या वाड्यात जेमतेम सहा वर्षं. सकाळी आम्ही तो वाडा बघून आलो होतो, तिथनं खाली भाट्याची खाडी दिसते. आण्णा म्हणाले, एवढी वर्षं रोज समुद्र बघायचा आणि होडीत बसायचं नाही म्हणजे काय रे. मी काय बोलणार, मला भूक लागली होती.

पण आम्हाला पुस्तकात सापडलं नसतं ते तुमच्याकडनं कळलं. शेजारची छोटी समाधी धाकट्या राणीची, ती राजाच्या आधी १९१२ ला गेली, हे आण्णांना ठाऊक होतं. दोघांच्या शवपेट्या मातीत जायला १९१९ उजाडलं आणि थोरल्या राणीनं राजाला मायदेशी न्यायची परवानगी मागितली ती इंग्रजांनी दिली नाही, हेही ठाऊक होतं. ती स्वतः त्याच वर्षी रंगूनला परत गेली, तिची समाधी तिकडं, नवऱ्याची इकडं. पण २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन आले तेव्हा गल्लीत काय उडालं होतं, कपडे वाळत घालायची पंचाईत, हे कुठल्या पुस्तकात असणार? २०१६ ला राजाला शंभर वर्षं झाली तेव्हा परत तीच गडबड, त्यांचे सेनाप्रमुख आले होते, मिन आंग लाइंग, तेच ज्यांनी नंतर २०२१ ला सत्ता बळकावली. तुम्ही म्हणालात, "एरवी इथे कोण येतो, मांजरं." आणि मग एकदम, "मी कधीतरी फूल ठेवते हो, आपल्या दारात आहे ना." आण्णा त्यावर काहीच बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर पालीपर्यंतसुद्धा बोलले नाहीत, आणि आमचे आण्णा तासभर गप्प म्हणजे मी दोनदा आरशात बघितलं बरे आहेत ना म्हणून.

चष्मा चौथऱ्यावरच राहिला हे कळलं मलकापूरला, पेपर वाचायला घेतला तेव्हा. परत फिरायचं म्हणजे पुन्हा अख्खा घाट, आण्णाच म्हणाले राहू दे, राजाला वाचायला होईल.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे पण बाकीच्यांसाठी सांगतो. चष्म्याच्या घरावर महाद्वार रोडवरच्या आमच्या चष्मेवाल्याचा नंबर होता. काकूंनी त्याला फोन लावला, कोल्हापूर गाडीच्या कंडक्टरकडं डबा दिला, आणि चष्मेवाल्याचा पोरगा रात्री स्टँडवर जाऊन घेऊन आला. स्टीलचा छोटा डबा, वर कॅलेंडरचा कागद दोऱ्यानं बांधलेला. आत चष्मा फडक्यात गुंडाळून मधोमध आणि हलू नये म्हणून चारी बाजूंनी आमसुलं दाबून भरलेली! चष्म्याला अजून जरा आंबट वास येतोय, आण्णा म्हणतात पुसायचा नाही.

चष्मेवाल्यानं तुमचा नंबर वहीत लिहिला होता, नऊच आकडे. शेवटचा आकडा कुठला असेल म्हणून मी शून्यापासून नऊपर्यंत सगळे लावून बघितले, एक लागला तो नागपूरचा निघाला, गृहस्थ भलताच चिडला. बहुतेक मधलाच कुठला तरी आकडा गेलाय.

तर काकू, छत्रीबद्दल आणि चष्म्याबद्दल मनापासून आभार, आणि राजाच्या फुलाबद्दलही, ते आण्णांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय. तुमच्या ओळखीचं कुणी हे वाचत असेल तर त्यांना दाखवा, गॅलरीत गोधडी, पायरीवर तुळशीचा डबा, एवढी खूण पुरे. आमसुलं संपली, रोज सोलकढी चालू होती घरात. आईनं डबा घासून पुसून त्यात गूळ भरून ठेवलाय, रिकामा कसा पाठवायचा म्हणून, आणि पावसाळी हवेनं त्याला पाणी सुटायच्या आत पत्ता तेवढा कळवा.