प्रक्रिया केलेले पाणी साठवणार कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर पावसाळ्यात महापालिकेची एक बातमी आपल्या अंकात येते : पवई तलाव भरून वाहू लागला. १८९० साली बांधलेला, ५४५ कोटी लिटर क्षमतेचा तलाव, वगैरे. शेवटी न चुकता एक ओळ असते : हे पाणी पिण्यायोग्य नसल्याने औद्योगिक कामांसाठी आणि आरे दुग्धवसाहतीला दिले जाते. मलजलाच्या पुनर्वापराची एवढी चर्चा चालू असताना या ओळीकडे कुणाचे लक्ष कसे जात नाही, याचे नवल वाटते. पिण्याचे नसलेले पाणी साठवायला मुंबईच्या पोटात एवढी मोठी जागा दुसरी कुठे आहे?

वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर या सात नव्या मलजल प्रक्रिया केंद्रांची एकत्रित क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर असणार आहे. शहराला धरणांतून आणि तलावांतून रोज मिळते ते चार हजारांच्या थोडे आत. धारावीहून घाटकोपरला प्रक्रिया केलेले पाणी नेण्यासाठी बोगदाही हाती घेतला आहे. सगळे योग्यच. पण मलजल चैत्रात येते तसेच आषाढातही येते; गिऱ्हाईक मात्र ऋतू बघून येणार. जुलैत उद्यानांना पाणी नको असते, मे महिन्यात सगळ्यांनाच हवे असते. एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाल्यांनी संप केला तेव्हा बांधकामांची आणि सोसायट्यांची किती तारांबळ उडाली ते आठवून पाहा. मधे साठा नसेल तर जास्तीचे पाणी खाडीत सोडावे लागेल. त्याने खाडी सुधारेल, नाही असे नाही. टँकरची रांग मात्र आहे तिथेच राहील.

तरीही ‘आणा पाइप आणि सोडा पवईत’ असे मी म्हणणार नाही. जलपर्णी काढणारे यंत्र तलावात फिरते तेव्हा काठावर उभे राहून बघावे. उपसलेल्या ढिगातल्या मुळ्या काळ्या गाळाने माखलेल्या असतात, वास नाकात जातो, आणि थोड्याच दिवसांत तेवढाच भाग पुन्हा हिरवागार. नाल्यांतून येणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस हेच तिचे खाद्य. साध्या प्रक्रियेत पाण्याचा वास आणि गढूळपणा जातो, पण ही दोन द्रव्ये मुद्दाम काढली नाहीत तर बरीचशी तशीच उरतात. असे पाणी थेट तलावात सोडणे म्हणजे जलपर्णीला पालिकेच्या खर्चाने खतपाणी घालणे.

म्हणून केंद्र आणि तलाव यांच्यामध्ये उथळ पाणथळ पट्टा हवा. पाणकणीस, लव्हाळे, कर्दळ अशी झाडे लावलेली, पाणी रेंगाळत पुढे सरकेल अशी जागा. तळच्या चिखलातले जिवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात. फॉस्फरस चिखलात आणि झाडांत अडकतो. बंगळुरूच्या जक्कूर तलावात प्रक्रिया केंद्राचे पाणी अशाच पट्ट्यातून जाते. मेख आहे ती पुढे : ही झाडे वेळोवेळी कापून बाहेर न्यावी लागतात, नाहीतर ती कुजून शोषलेले सगळे पाण्याला परत करतात. आपल्याकडे उद्घाटनाला गर्दी होते, कापणीला कुणी फिरकत नाही. तेव्हा कापणीचा खर्च पहिल्या निविदेतच धरावा, ‘देखभाल नंतर बघू’ नको.

पाणी कुठून आणायचे हेही आधी ठरवावे. खाडीकाठच्या मलवाहिन्यांत भरतीचे खारे पाणी झिरपते आणि क्षार नेहमीच्या प्रक्रियेने जात नाहीत. पवईच्या आसपासचे मलजल, जे आज नाल्यांतून तलावातच उतरते, ते निदान खारे नाही. ते तिथल्या तिथे अडवून, शुद्ध करून पट्ट्यातून तलावात घेणे मला जास्त व्यवहार्य वाटते.

आता मगरींचे. त्या तलावात आहेत, हे पवईत राहणाऱ्यांना सांगायला नको. मगर उन्हाळ्याच्या तोंडाशी काठावरच्या मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पिल्ले पावसाच्या आसपास बाहेर पडतात. त्या काळात पाणी ओसरत जाते, हा तिचा हिशेब. बाहेरून पाणी आणून ऐन एप्रिलमध्ये पातळी चढवली तर घरटी बुडतील. चिखलात चोच खुपसणाऱ्या पाणपक्ष्यांनाही उघडा काठच लागतो. म्हणजे पवईचा साठा पावसानंतर भरून घ्यावा आणि माघापासून हळूहळू वापरत न्यावा. काठावर दगड बसवून तो बांधून काढणे, म्हणजे दगडी पिचिंग, तर नकोच. सुधारणा म्हटले की आपल्या पालिकेला फरसबंदीच आठवते. याच तलावाकाठचा सायकल ट्रॅक २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला, तेवढा धडा पुरे.

पालिकेने निविदा काढण्याआधी तलावाच्या महिनावार पाणीपातळीचे वेळापत्रक जाहीर करून त्यावर हरकती मागवाव्यात. भांडुप आणि घाटकोपरच्या जुन्या लगूनबद्दलही, म्हणजे मलजलावर प्रक्रिया करणाऱ्या उघड्या तळ्यांबद्दलही, एक खुलासा हवा. नव्या केंद्रांमुळे त्यांतली काही जागा मोकळी होणार असेल, तर ती पाणथळ म्हणून राखणार की तिथे आणखी काही उभे राहणार, हे पालिकेने आत्ताच लेखी सांगावे.

आपला,
एक वाचक, पवई